टोपीला पडलेले भोक

इतिहासाची साधने म्हटली की शिलालेख, ताम्रपट, बखरी, सनदा आणि पत्रव्यवहार हीच प्रथम आपल्या डोळ्यांपुढे येतात. यंत्रयुगाने या साधनांत काही नव्या वस्तूंची भर घातली. त्यांतील एका अगदी लहान वस्तूविषयी येथे लिहावे असे आम्ही योजिले आहे. बंदुकीचे काडतूस उडाल्यावर जी रिकामी पुंगळी उरते, तिच्या बुडाशी मधोमध मसुराच्या दाण्याएवढी पितळेची किंवा तांब्याची एक टोपी बसविलेली असते. तिला प्रायमर म्हणतात. राष्ट्रीय छात्रसेनेच्या शिबिरात ज्यांनी ३०३ रायफल चालविली असेल, त्यांना गोळीबारानंतर पुंगळ्या मोजून परत केल्याचे आठवत असेल. मोजणाऱ्याला संख्येशी कर्तव्य असे. बुडाकडे निरखून पाहण्याचे कोणाला कारण नव्हते.

शस्त्रांची डागडुजी करणारा जाणता कारागीर मात्र पुंगळी हाती येताच प्रथम तिचे बूड पाहतो. काडतुसाच्या आत निमिषार्धात जे काही घडले, त्याची खूण त्या टोपीवर उमटलेली असते. तो एक इवलासा ताम्रपटच होय. त्यावरील खळगा स्वच्छ आणि गोलाकार असला तर सर्व काही ठीक आहे असे समजावे. खळग्याच्या तळाशी आरपार भोक पडलेले दिसले, तर कोठेतरी बिघाड आहे. हा बिघाड दिसतो टोपीवर. त्याचे मूळ बहुधा इतरत्र असते. दोष दिसतो तेथेच असतो असे मानणे सोयीचे असते, आणि त्या सोयीची किंमत पुष्कळदा भलत्यानेच मोजलेली आहे. टोपीच्या इतिहासातून आम्हांस जे सांगावयाचे आहे ते एवढेच.

ही टोपी आली कोठून, हे आधी पाहू. आपल्या जुन्या कागदपत्रांतील शब्द या कामी साहाय्य करतात. तोड्याच्या बंदुकीला जळती जामगी लागे. नळीच्या मागील बाजूस जे बारीक छिद्र असे त्याला कान म्हणत, आणि कानात घालावयाच्या बारीक दारूला रंजक. जामगी रंजकाला लागली की आतील दारू पेटे. पुढे चकमकीची बंदूक आली आणि जामगी गेली, तरी रंजक राहिलेच. रंजक उघड्यावर असल्यामुळे पावसात भिजे, वाऱ्यात उडे, आणि पेटताना जो भपका होई तो पाहून पक्षी गोळी सुटण्यापूर्वीच उडून जात.

या शेवटच्या अडचणीने स्कॉटलंडमधील अलेक्झांडर फोर्सिथ नावाचा एक धर्मोपदेशक त्रस्त झाला होता. त्याला शिकारीचा नाद होता. पाऱ्यापासून बनणाऱ्या फल्मिनेट या स्फोटक द्रव्याची माहिती इंग्लंडमधील एडवर्ड हॉवर्ड याने १८०० मध्ये प्रसिद्ध केली होती. अशी द्रव्ये पेटविण्यास ठिणगीची गरज नसते; नुसत्या आघाताने ती भडकतात. या गुणाचा उपयोग करून फोर्सिथने १८०७ मध्ये आपल्या युक्तीचे पेटंट घेतले. पुढील दीड-दोन दशकांत हे द्रव्य तांब्याच्या चिमुकल्या टोपीत भरण्याची रीत रूढ झाली. बंदुकीचा घोडा टोपीवर आदळे आणि बार उडे. आपल्या लोकांनी त्या बंदुकीला टोपीची बंदूक असेच नाव दिले. ज्या काडतुसावरून १८५७ चा भडका उडाला, ते ज्या एन्फिल्ड रायफलीचे होते तीही टोपीचीच होती. मात्र ते काडतूस कागदी होते आणि टोपी त्याच्यापासून निराळी, शिपायाच्या बोटांनी बसवावयाची होती.

टोपी काडतुसाच्या आतच बसवावी हा विचार अनेकांच्या मनात घोळत होता. प्रशियाच्या ड्रायझे याने आपल्या बंदुकीत, जी प्रशियाच्या सैन्याने १८४१ मध्ये स्वीकारली, आघाताचे द्रव्य गोळीच्या बुडाशी ठेवले आणि तेथवर पोहोचण्यासाठी एक लांब सुई योजिली. ही सुई कागद आणि दारू भेदून पुढे जाई व द्रव्यावर आदळे. १८६६ च्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या युद्धात या बंदुकीने प्रशियाला मोठे साहाय्य केले. परंतु प्रत्येक बाराच्या वेळी सुई जळत्या दारूच्या मधोमध उभी असे. ती झिजे, ठिसूळ होई आणि मोडे. शिपायाला जवळ जादा सुया बाळगाव्या लागत. आघात करणाऱ्या सुईला आगीत उभे करू नये, हा धडा त्या मोडक्या सुयांनी दिला.

१८६६ च्या सुमारास अमेरिकेतील हायरम बर्डन आणि इंग्लंडमधील एडवर्ड बॉक्सर यांनी धातूच्या काडतुसाच्या बुडात बसणारी टोपी दोन निरनिराळ्या पद्धतींनी सिद्ध केली. नवलाची गोष्ट अशी की अमेरिकन बर्डनची पद्धत युरोपात अधिक रुजली आणि इंग्रज बॉक्सरची अमेरिकेत. याच काळात, १८६९ मध्ये, पुण्याजवळ खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि काडतूस घडविण्याची विद्या महाराष्ट्राच्या भूमीवर आली.

बर्डन आणि बॉक्सर या दोघांच्याही टोपीवर एक विलक्षण जबाबदारी येऊन पडली. फायरिंग पिन म्हणजे आघाताची सुई आदळताच टोपीला खळगा पडला पाहिजे, एवढी ती मऊ हवी. तो पडला की आतील द्रव्य ऐरणीसारख्या एका लहान टोकावर चिरडले जाते आणि त्याची ज्वाला दारूपर्यंत पोहोचते. परंतु पुढच्याच क्षणी दारूचा दाब उलट दिशेने त्याच टोपीवर येतो. आधुनिक रायफलीत हा दाब दर चौरस इंचास पन्नास हजार पौंडांच्या घरात जातो. तेव्हा तीच टोपी फाटता कामा नये, इतकी ती कणखर हवी. पुढून दाब, मागे सुईचे टोक, आणि त्या टोकाभोवती बोल्टमधील एक बारीक छिद्र. एवढ्या जागेपुरता टोपीला दुसऱ्या कशाचाही आधार नसतो. काळी दारू होती तोवर दाब बेताचा होता. १८८६ मध्ये फ्रेंचांची लेबेल रायफल धूरविरहित दारू घेऊन आली, दाब वाढला आणि टोपीची परीक्षा कठीण झाली.

या परीक्षेत टोपी नापास झाली की भोक पडते. दाब कोणत्याही काडतुसात अतोनात वाढला तर धातू छिद्रात शिरू पाहतो. प्रथम खळग्याच्या कडेला विहिरीच्या काठासारखा कठडा उभा राहतो, टोपीच्या गोलसर कडा चपट्या होतात, पुंगळी नळीत आवळून बसते आणि शेवटी टोपी फुटते. दारू अधिक पडणे, काडतुसे उन्हात किंवा तापलेल्या नळीत राहणे, नळीच्या मागील घरात तेल किंवा पाणी साचणे, एका मापाचे काडतूस जवळजवळ तशाच दुसऱ्या मापाच्या घरात घालणे, ही दाब वाढण्याची कारणे होत. ५.५६ मिलिमीटरचे लष्करी काडतूस आणि ०.२२३ इंचाचे नागरी काडतूस दिसावयास जुळ्या भावंडांसारखी असतात. परंतु लष्करी काडतूस नागरी मापाच्या आखूड घरात उडविले तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो.

मात्र भोक पडले म्हणजे दाबच वाढला असे धरून चालत नाही. टोपीच्या कडा गोल आहेत, पुंगळी सहज निघते आहे आणि तरी भोक आहे, अशा वेळी संशयाचा काटा सुईकडे वळवावा लागतो. सुईचे टोक अर्धगोल आणि गुळगुळीत असावे. ते अणकुचीदार किंवा खरबरीत झाले तर टोपीला दाबण्याऐवजी टोचते. अमेरिकन एआर-१५ जातीच्या रायफलीत ते बोल्टच्या पुढे साधारण ०.७ ते ०.९ मिलिमीटर एवढेच यावे असा दंडक आहे. ते अधिक आले तर टोपी भेदली जाते. छिद्र सुईच्या मानाने मोठे असेल तर धातू भोवतालच्या फटीत शिरतो. घोड्याची स्प्रिंग शिथिल झाली असेल तर दाब सुईलाच मागे ढकलतो आणि टोपीचा आधार जातो. शेवटचे कारण टोपीचेच. लहान मापाच्या काही टोप्यांचा पत्रा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो, काहींचा ०.६ मिलिमीटरहून थोडा अधिक. जास्त दाबाच्या काडतुसाला पातळ पत्र्याची टोपी लावली तर बंदूक निर्दोष असूनही भोक पडेल.

या बिघाडाचे दुष्टचक्र ध्यानी घेण्याजोगे आहे. भोकातून सुटलेला तप्त वायूचा झोत सुईच्या टोकावर आदळतो आणि ते खाऊन टाकतो. असे खाल्लेले, खडबडीत टोक पुढच्या टोपीला अधिक सहजतेने भेदते. म्हणजे कालचा परिणाम आजचे कारण होतो. केवळ सुई बदलली तर दोन दिवस बरे वाटते. मूळ कारण दाबात असेल तर नवी सुईही खराब होते. उलट दाब कमी केला आणि जुनी खरबरीत सुई तशीच ठेवली, तरी भोके पडतच राहतात. म्हणून गोळीबार थांबवावा, पुंगळ्या क्रमाने जपाव्यात आणि एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी, हा जाणत्यांचा क्रम आहे. वैद्याने एकाच दिवशी पाच औषधे दिली तर कशाने गुण आला हे कळत नाही, तसेच हे.

अर्धस्वयंचलित रायफलीत ही गोष्ट आणखी अवघड होते. हाताने बोल्ट ओढावयाच्या बंदुकीत नेमबाज स्वतः पुंगळी बाहेर काढतो. काही वावगे असेल तर ते त्याच्या हाताला जाणवते. अर्धस्वयंचलित रायफल पुंगळी आपणच बाजूला भिरकावते आणि पुढचे काडतूस आत ओढते. टोपीतून तुटलेली चकती दरम्यान यंत्राच्या आत पडलेली असते. ती सुईच्या मार्गात अडकली तर सुई पुढे येत नाही किंवा पुढेच अडकून राहते. दुसरी अवस्था पहिलीहून घातक. वापरणारा चाप ओढत राहतो आणि पुरावा गवतात पडलेला असतो.

टोपीवर येणाऱ्या या उलट्या दाबाकडे दोष म्हणून न पाहता शक्ती म्हणून पाहणारा एक मनुष्य होऊन गेला. जॉन गॅरंड हा कॅनडातील क्वेबेक प्रांतात १८८८ मध्ये जन्मला, अमेरिकेत कापडाच्या गिरणीत वाढला आणि १९१९ मध्ये स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात दाखल झाला. टोपी आपल्या घरात सैल असेल तर दाबाने ती मागे सरकते, हे सर्वांना ठाऊक होते. मशीनगनमध्ये अशी सरकलेली टोपी यंत्रात अडके, म्हणून तो दोषच मानला जाई. गॅरंडने आपल्या आरंभीच्या रायफलीत टोपीचे हे इंचाच्या काही शतांश भागाएवढे सरकणेच चालकशक्ती म्हणून वापरले. टोपी मागे आली की ती सुईला ढकली आणि बोल्टची कुलपे उघडत. ज्याला इतरांनी आजार म्हटले त्यातून त्याने यंत्र चालविले.

परंतु यंत्र ज्या काडतुसावर उभे होते ते त्याच्या हाती नव्हते. १९२० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकन सेनेने नवे काडतूस आणले. त्याची दारू सावकाश जळणारी होती, आणि टोप्या मागे सरकू नयेत म्हणून त्यांच्या कडा आवळून बसविण्याचे धोरण आले. गॅरंडच्या रायफलीचा प्राणच त्यामुळे गेला. त्याने वाद घालण्यात काळ दवडला नाही. टोपीवरचा मार्ग सोडून तो नळीतील वायूच्या मार्गाकडे वळला. पुढे पुष्कळ चाचण्यांनंतर ९ जानेवारी १९३६ रोजी त्याची एम-१ रायफल स्वीकृत झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अशा सुमारे चाळीस लाख रायफली बनल्या. गॅरंडने त्यांवर स्वामित्वधन घेतले नाही. त्याला एक लाख डॉलर द्यावेत असे विधेयक अमेरिकन काँग्रेसमध्ये आले, तेही मंजूर झाले नाही.

भारतीय सेनेने १९६२ चे युद्ध हाताने बोल्ट ओढावयाच्या ३०३ रायफलींनिशी लढले. त्यानंतर ईशापूरच्या कारखान्यात बनलेली ७.६२ मिलिमीटरची जी एसएलआर आपल्या जवानांच्या हाती आली आणि १९९० च्या दशकात इन्सास येईपर्यंत राहिली, तीही वायूवरच चालणारी. तिच्या वायूमार्गावर एक नियंत्रक होता. काजळी साचली किंवा काडतुसाचा जोर कमी-अधिक झाला तर शिपाई तो फिरवून वायूचे प्रमाण ठरवी. दारू सदैव सारखी असणार नाही, हे त्या रचनेने आधीच गृहीत धरले होते.

अमेरिकेच्या पुढच्या रायफलीत हे गृहीत धरले गेले नाही. यूजीन स्टोनर यांनी आखलेली एआर-१५ ही हलकी रायफल नळीसारख्या कणांच्या दारूवर चालेल अशी घडविलेली होती. तिच्यात वायूसाठी नियंत्रक नव्हता आणि नळीच्या घराला क्रोमचा मुलामा नव्हता. १९६३ मध्ये सैन्याने तिची मोठी खरेदी ठरविली, तेव्हा पहिली तक्रार टोपीविषयीच आली. बोल्ट पुढे आदळताच, चाप ओढलेला नसतानाही, बार उडण्याचे प्रकार घडले. या रायफलीची सुई मोकळी असते. तिला मागे धरणारी स्प्रिंग नाही. बोल्ट थांबला तरी सुई आपल्या वेगाने पुढे येते आणि टोपीला चाटून जाते. येथे तपास योग्य रीतीने झाला. सुई हलकी केली गेली आणि टोपी किती आघाताने पेटावी याचे मोजमाप कडक केले गेले. दोष कोठे दिसतो आणि कोठे आहे, या दोन प्रश्नांची उत्तरे निरनिराळी शोधली गेली.

दुसरा प्रश्न दारूचा होता. ठरलेला वेग आणि ठरलेली दाबाची मर्यादा ही दोन्ही बंधने पाळून जुन्या दारूचे मोठे उत्पादन जमेना. म्हणून १९६४ मध्ये गोल कणांची दुसरी दारू मान्य करण्यात आली. ती दाबाच्या मर्यादेत बसत होती, म्हणजे टोपीच्या दृष्टीने निर्दोष होती. परंतु नळीतील वायूच्या छिद्रापाशी तिचा जोर अधिक असे. त्यामुळे यंत्राचा वेग मिनिटास ७००-८०० वरून १००० पर्यंत जाऊ लागला. पुंगळी नळीच्या घराला चिकटलेली असतानाच बोल्ट तिला ओढू लागला. या दारूत असलेल्या कॅल्शियम कार्बोनेटमुळे वायूच्या नळीत थर साचे. व्हिएतनामच्या दमट हवेत मुलाम्यावाचूनच्या घराला गंज चढे. पुंगळी आत अडकली की ती नळीच्या तोंडातून सळई घालून ढकलून काढावी लागे, आणि ती सळई व साफसफाईचे साहित्य पुष्कळांकडे नव्हते. या रायफलीला फारशी सफाई लागत नाही, असा समज मात्र पसरलेला होता.

नव्या दारूने रायफलींचा वेग मर्यादेबाहेर जातो, हे कारखान्यातील चाचण्यांत दिसून आले होते. त्यावर जो तोडगा निघाला तो वाचताना आजही मन खिन्न होते. सैन्याकडे पाठवावयाच्या रायफलींची स्वीकृती-चाचणी जुन्या धर्तीच्या दारूवर घेण्यास मुभा मिळाली. रणांगणावर मात्र गोल कणांच्या दारूची काडतुसे जात राहिली. पुरावा हाती आला होता. तो वाचलाही गेला. त्यानंतर परीक्षेचा कागद बदलण्यात आला.

१९६७ च्या वसंत ऋतूत खेसानच्या टेकड्यांवर मरीन सैनिक लढले, तेव्हा नुकत्याच मिळालेल्या या रायफली ऐन चकमकीत अडल्या. सैनिकांची पत्रे घरी आली, ती वृत्तपत्रांत छापली गेली आणि काँग्रेसपर्यंत पोहोचली. आरंभी सैन्याचा रोख सैनिकांवरच होता: रायफली साफ ठेवल्या जात नाहीत, हे त्यांचे उत्तर. त्यात सत्याचा अंश होताच. काजळी खरी होती. परंतु काजळी कोठून आली आणि ती काढण्याचे साहित्य का नव्हते, हे प्रश्न त्या उत्तरात नव्हते. मिसूरीचे प्रतिनिधी रिचर्ड आयकोर्ड यांच्या अध्यक्षतेखालील उपसमितीने चौकशी करून ऑक्टोबर १९६७ मध्ये अहवाल दिला. दारू बदलण्याचा निर्णय झाल्यानंतर आपले मत विचारण्यात आले, असे स्टोनर यांनी तिच्यापुढे सांगितले होते. काडतुसांतील उणिवा दूर करण्यात अधिकाऱ्यांनी केलेली हयगय गुन्ह्याच्या सीमेला भिडते, असा समितीचा निष्कर्ष होता. त्यानंतर घराला क्रोमचा मुलामा चढला, वेग आवरण्यासाठी नवा बफर आला, दारूतील कॅल्शियम कार्बोनेट कमी झाले, सळया पोहोचल्या. रायफल सुधारली आणि पुढे दीर्घकाळ टिकली. मध्यंतरी गेलेले परत आले नाहीत.

बंदुकीविषयी आम्हांस ममत्व नाही. ती कोणाच्या हाती असावी हा निराळा विषय आहे. पण ज्याच्या हाती ती कर्तव्य म्हणून दिली जाते, त्याला ती बिघडल्याचे खापर आपल्याच माथी फुटणार नाही एवढा भरवसा असावयास हवा. टोपीला भोक पडले की कारागीर टोपीला शिव्या देत बसत नाही. सुई, छिद्र, स्प्रिंग, दारू, ऊन, पाणी अशा सर्वांना तो एकेक करून विचारतो, आणि टोपीला शेवटी. खेसानच्या मातीत अडलेल्या रायफलीजवळ जो सैनिक सापडला, तो या साखळीतला शेवटचा दुवा होता. त्याला सर्वांच्या आधी विचारले गेले. इतिहास लिहिणाऱ्यांनी आपापल्या विषयांत हा क्रम एकदा तपासून पाहावा, एवढीच विनंती करून आम्ही लेखणी थांबवितो.